दारूबंदीतल्या मुंबईची बाई कादंबरीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा: १९५३ सालच्या मुंबईत वसईहून चोरून दारू आणणाऱ्या बाईवर ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली आहे. तीन प्रकरणं, आराखडा आणि टिपणं सोबत पाठवली आहेत. नायिका मालन, वय ३८. अमेरिकेतल्या दारूबंदीवरचं बरंच वाचून-पाहून झालं आहे. पहिल्या प्रकरणात ती रात्री दोन वाजता घोडबंदर रस्त्याने फियाट हाकत येते, डिकीत वीस-वीस लिटरचे प्लास्टिकचे कॅन, मागे पोलिसांची जीप, आणि शेवटी ती माल एका परमिट रूममध्ये उतरवते. हे खरं वाटेल का? आणि अशा बाईला नायिका केलं तर गुन्ह्याचं कौतुक केल्यासारखं होईल का?

मी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संहिता तपासते आणि स्वतःही मुंबईवर लिहिलं आहे, त्या अनुभवातून सांगते. हे प्रकरण आज कुणी वाचलं तर खरं वाटेलही. पण ते शिकागोचं आहे, त्यावर मुंबईचा पत्ता चिकटवला आहे. गाडी, कॅन आणि पाठलाग तिन्ही काढून टाका, म्हणजे तुमची बाई दिसायला लागेल. कारण १९५३ ची मालन जगत होती ती धाडसावर कमी आणि कायद्याच्या फटींवर जास्त. कुठली फट कुठल्या वर्षी उघडली आणि कधी बुजली, हे कळलं की कथानकाला वेगळं शोधत फिरावं लागत नाही.

म्हणून आधी तारीख. दारूबंदीचा काळ म्हणून एक सलग काळ मुंबईत नव्हताच. पहिली बंदी १ ऑगस्ट १९३९ ला आली. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात अबकारी खातं डॉ. गिल्डरांकडे होतं. ते स्वतः पारशी, आणि बंदीला सगळ्यात मोठा विरोध पारशी समाजाचाच, कारण ताडी-दारूच्या धंद्यात त्यांचा पैसा गुंतलेला. युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती बंदी विरून गेली. स्वातंत्र्यानंतर टप्प्याटप्प्याने आवळत आणून मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ ला अमलात आला आणि ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी झाली. ६ एप्रिल ही दांडीच्या मिठाची तारीख, मुद्दाम निवडलेली. तेव्हा गृहमंत्री मोरारजी देसाई, १९५२ पासून तेच मुख्यमंत्री.

इथवर सगळ्यांना साधारण माहीत असतं. पुढचं कादंबरीकाराच्या कामाचं.

२५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने, या कायद्यालाच आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्याचा निकाल दिला. कायदा बहुतांशी टिकला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सुटली. झालं! औषधाच्या दुकानातलं जिंजर, टॉनिकं, कोलनवॉटर यांना अचानक वेगळंच महत्त्व आलं. निकालाला आठवडा व्हायच्या आत कुलाब्याच्या बाजूला एका जीपने माणसं उडवली. चालवणारा चक्क परिवहन खात्यातला अधिकारी. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता, आणि त्याचं म्हणणं असं की मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्या टॉनिकात १७ टक्के अल्कोहोल होतं. हा पेसिकाका खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५४ साली दारूच्या आरोपातून तो माणूस सुटला. नुसत्या वासावरून भागणार नाही, पोटात गेलेली बंदी असलेली दारूच होती हे सरकारने सिद्ध करावं, असा त्याचा अर्थ. सरकारने ही फट १९५९ साली बुजवली: रक्ताची तपासणी आली, ०.०५ टक्क्यांची मर्यादा आली, आणि आपण औषधच घेतलं होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर गेली.

आता मालनचं गिऱ्हाईक या तारखांवर ठेवून बघा. १९५० मध्ये पकडलेला कारकून, १९५५ मध्ये पकडलेला कारकून आणि १९६० मध्ये पकडलेला कारकून ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिला गयावया करेल. दुसरा खिशातून टॉनिकची बाटली काढून दाखवेल. तिसऱ्याला दवाखान्यात नेऊन दंडातून रक्त काढतील. मालनच्या धंद्यातही तेवढाच फरक पडतो. १९५५ मध्ये ती गिऱ्हाइकाला निघताना रिकामी का होईना, एक टॉनिकची बाटली हातात देत असेल, ही कल्पना मी तुम्हाला फुकट देते.

अमेरिकेचा प्रभाव पुसायचा तर एक मूलभूत फरक ध्यानात घ्या. तिकडे १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत दारू बनवणं, विकणं, नेणं-आणणं बंद होतं. पिणं हा गुन्हा नव्हता. बंदीच्या आधी घेऊन ठेवलेला साठा घरी बसून राजरोस संपवता येत होता. मुंबईच्या कायद्यात जवळ बाळगणं आणि पिणं हेसुद्धा गुन्हे. त्यामुळे तिकडच्या गोष्टीत गिऱ्हाईक नुसतं मजा करायला येतं, इकडे गिऱ्हाईक गुन्ह्यात भागीदार असतं. मालनच्या खोलीत बसलेला माणूस तिच्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही, कारण तोंड उघडलं की स्वतःच अडकतो. पण तोच माणूस पकडला गेला तर सुटकेसाठी पहिलं नाव तिचंच सांगेल. एकमेकांच्या हातात एकमेकांची मान, आणि वर उधारीची वही. ही जी गच्च, कुजबुजती जवळीक आहे ती अमेरिकन साच्यात बसतच नाही. तिकडच्या जॅझवाल्या तळघराऐवजी इकडे धोबीतलाव, माहीम, वांद्रे इथल्या कॅथलिक आंटींच्या बाहेरच्या खोल्या होत्या. येशूच्या तसबिरीखाली लाकडी बाक, उकडलेली अंडी, चणे, आणि नवटाकाच्या मापाने मिळणारी गावठी. मुलं आतल्या खोलीत अभ्यास करताहेत आणि बाहेर बँकेतले साहेब आवाज न करता पिताहेत. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक.

मालन कोण आहे, याचा विचार तीन प्रकरणांत फारसा झालेला दिसत नाही. 'नवऱ्याने टाकलेली' एवढ्यावर भागवलं आहे. टाकलेल्या बाया तेव्हा गिरणगावात खाणावळी चालवत होत्या, पापड लाटत होत्या, भांडी घासत होत्या. ही दारूकडेच का वळली? तुम्ही तिला वसईची केली आहे, मग भंडारी का करत नाही? भंडाऱ्यांच्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून माडी काढायचा धंदा. ६ एप्रिल १९५० ला माड जागेवरच राहिले, पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, ताशणारा कोयता बेकायदा झाला. सरकारने पर्याय म्हणून नीरा विकायला दिली. नीरा म्हणजे तोच रस, आंबायच्या आत काढलेला. मडक्याला आतून चुना फासून रात्री टांगतात आणि सूर्य उगवायच्या आत उतरवतात. चुना कमी पडला किंवा मडकं उतरवायला उशीर झाला, की उन्हं चढेपर्यंत नीरेची माडी होते. कुणी काही केलेलं नसतं, नुसता वेळ गेलेला असतो. परवाना नीरेचा, मडक्यात माडी, आणि दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर! यापेक्षा चांगली पहिली पायरी मला तरी सुचत नाही. मालनचा सासरा परवान्याची नीरा काढतो, एक दिवस पाऊस लागतो, केंद्रावर माल पोचायला उशीर होतो, तिथला माणूस वास घेऊन मडकं परत करतो. ते मडकं ती ओतून देत नाही. बस्स, तिथे कादंबरी सुरू झाली.

दुसरं तिच्या वयाचं. १९५३ मध्ये ३८, म्हणजे १९३० मध्ये ती १५ वर्षांची. हा आकडा तुम्ही सहज टाकला असेल, पण तो सोन्याचा आहे. १९३० च्या सत्याग्रहात गांधीजींनी दारूच्या दुकानांवरची निदर्शनं खास बायकांकडे सोपवली होती आणि मुंबईत बायका खरोखरच गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांची मालन आईचं बोट धरून, खादीचं लुगडं नेसून तिथे उभी असेल तर? तेवीस वर्षांनी त्याच गुत्त्याच्या बंद फळ्यांमागे ती माल पोचवते. यावर चिंतनाचं पान लिहू नका, कृपा करून. तिची आई अजून जिवंत ठेवा, एवढंच पुरे.

आता वाहतूक. फियाट हाकणारी बाई १९५३ च्या मुंबईत नव्हती असं नाही, पण ती मलबार हिलवर होती आणि तिला स्कॉच परवान्यावर मिळत होती. परकीयांना परवाने होते, प्रकृतीच्या कारणाने परवाने होते, घरात अडीनडीला ब्रँडी-रम ठेवायचेही परवाने होते, लष्कराच्या मेसना सूट होती. पैसा आणि ओळखीचा डॉक्टर असेल तर दारूबंदी अंगाला लागत नसे. मालनच्या गिऱ्हाइकाकडे दोन्ही नाही, म्हणून मालन आहे. ती येणार लोकलने. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ पासूनच होती. बायकांचा डबा होता, आणि पहाटेच्या गाडीला वसईकडून फुलं, केळी, भाजी, मासळी घेऊन येणाऱ्या बायांची गर्दी होती. पोलिसांच्या डोळ्यांत न भरणारी याहून चांगली जागा कुठली?

आणि इथे ती महत्त्वाची फट येते. १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा सांगत होता की बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही पूर्ण सभ्यता राखून. महिला पोलीस तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फलाटावरच्या हवालदाराला संशय आला तरी तो मालनला हात लावू शकत नाही. तिला चौकीत बसवायचं, झडतीसाठी कुणी बाई मिळते का बघायला माणूस पाठवायचा, पंच गोळा करायचे, आणि वाट बघायची. अमेरिकेतही दारू चोरून नेणाऱ्या बायकांना असाच आधार मिळाला, कारण पुरुष अधिकारी त्यांची झडती घ्यायला कचरत. तुमच्या वाचनातली ही एक गोष्ट मात्र जशीच्या तशी इकडे लागू पडते. चौकीतला तो अर्धा-पाऊण तास लिहा. समोर हवालदार, मागे मोरीचं दार. 'जरा जाऊन येते' म्हणून ती मोरीत गेली आणि अंगाला बांधलेल्या ट्यूबची गाठ सोडली तर मुद्देमाल गटारात, उरला फक्त वास. हवालदारालाही ते कळतंय. तो तिला मोरीत जाऊ देतो की नाही, आणि का, यात तुमची दोन्ही पात्रं उभी राहतात.

दारू अंगावर कशी आणायची, याबद्दल संहितेत एकच वाक्य आहे: 'तिने पदराखाली बाटल्या लपवल्या.' बाटल्या वाजतात. दारू यायची रबरी ट्यूबमध्ये. मोटारीच्या चाकातली ट्यूब कापून, तोंडं बांधून, पोटाभोवती गुंडाळायची, किंवा फुटबॉलचे ब्लॅडर. जरा गणित करा. दोन गॅलन म्हणजे नऊ लिटर, आठ किलोंच्या वर वजन. ट्यूब अर्धवट भरली तर चालताना डुचमळते, आवाज येतो, म्हणून ती काठोकाठ भरून हवा दाबून काढायची. गच्च भरलेली ट्यूब पोटावर बांधली की बाई भरल्या दिवसांची दिसते, आणि दर आठवड्याला भरल्या दिवसांची दिसली की तिकीट तपासनीसही चक्रावतो. म्हणून अशी बाई नेहमीच्या गाडीने, नेहमीच्या डब्यात जाणार नाही. अंगाच्या उबेने माल कोमट होतो आणि गाठीपाशी पाझरतो. मग वास झाकायला सुक्या मासळीची पाटी. रात्रभर रबरात राहिलेल्या दारूला रबराची चव येते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं.

लुगड्याचाही प्रश्न आहे. नऊवारीच्या आत परकर नसतो, म्हणजे ट्यूब बांधायला नाडी नाही, आणि काष्ट्यात ती लपतही नाही. तेव्हा मालन धंद्यासाठी पाचवारी नेसायला लागेल. १९५३ साली गावातली अडतीस वर्षांची बाई एकाएकी पाचवारी नेसायला लागली तर बोलणी बसणारच. लोक तिच्यावर भलताच संशय घेतील, आणि तिला तो फायद्याचा आहे. 'मालनने मुंबईत कुणी ठेवला आहे' असं गाव म्हणत असेल तर गावाचं लक्ष ट्यूबकडे जाणार नाही. अब्रू देऊन माल वाचवायचा, हा व्यवहार तिला परवडतो का, हे तुम्ही ठरवा.

पाठलागाच्या जागी काय ठेवाल, तर मी हे ठेवेन:

'दादर आलं तशी मालन उठली. पलीकडच्या बाईने तिच्या हातावर एक आणा ठेवला, केळ्यांचे सुटे. तो निसटला आणि फळ्यांवर घरंगळत दाराशी जाऊन थांबला. मालनने त्याच्याकडे पाहिलं. डब्यातल्या दोघीतिघींनी तिच्याकडे पाहिलं. आणा पायाशी पडलेला असताना कुठली भाजीवाली उभी राहते? "घे गो, पडला बघ तुझा," पलीकडची म्हणाली. "राहू दे. पोरांना कुणाला तरी होईल," मालन म्हणाली आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. मागून कुणीतरी म्हणालं, "मोठी आली दानशूर."'

तिला वाकता येत नाही, एवढीच गोष्ट. जीपपेक्षा या एका आण्यात जास्त भीती आहे असं मला वाटतं. तुम्हाला पटलं नाही तर तुमचं तुम्ही लिहा, पण धोका एवढ्या जवळून दिसायला हवा.

काळाच्या चुका पटकन सांगते, कारण त्या दुरुस्त करायला सोप्या आहेत. प्लास्टिकचे कॅन १९५३ मध्ये नाहीत. घासलेटचे पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या, कार्बॉय म्हणजे काचेच्या मोठ्या बरण्या, रबर. लिटर नाही: दशमान मापं १९५८ पासून पुढे हळूहळू आली, तोवर गॅलन, शेर, पावशेर, नवटाक. पैशांत रुपये-आणे-पै, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. सामान्य गिऱ्हाइकाने बसून प्यायचा परमिट रूम १९५३ मध्ये नव्हता. तो बंदी सैलावल्यानंतरचा. तिसऱ्या प्रकरणात दहिसरला जकात नाका आला आहे, पण मुंबईत जकात १९६५ मध्ये आली. मात्र दहिसरची हद्द तुमच्या कामाची आहे, कारण १९५७ पर्यंत बोरिवली-दहिसर महापालिकेच्या बाहेर होते. दादरला ट्राम दाखवा, ती १९६४ पर्यंत होती. रेशनकार्ड दाखवाच.

माल तयार कुठे होतो, हे एकदा तरी वाचकाला दिसलं पाहिजे. खाडीकाठच्या तिवरांत, भरतीच्या पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर. काळा गूळ, नवसागर, आणि पुरून ठेवलेली पिंपं. पंचनाम्यांत त्याला 'रसायन' म्हणतात आणि तो शब्द आजही तसाच चालतो. आंबलेल्या रसायनाचा वास वाऱ्यावर लांब जातो, म्हणून भट्टीची जागा वारा बघून ठरते. धुराचंही तेच, म्हणून रात्र. ओहोटीला चिखलातून कुणी येऊ शकत नाही आणि भरतीला होडीशिवाय कुणी येऊ शकत नाही. धाड घालणाऱ्यांनाही भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. मालनला तिथी पाठ असणं हे मला तिच्या पिस्तुलापेक्षा फार आवडेल. (पिस्तूल काढा.)

पहिल्या धारेची आणि नंतरची यातला फरक, भेसळ, पाणी किती घालायचं, यावर तिची प्रतिष्ठा. यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे.

गुन्ह्याचं कौतुक होईल का? तिचा माल कुणाला तरी मारू शकतो ही शक्यता कादंबरीभर हजर ठेवलीत तर होणार नाही. चोरट्या दारूचा इतिहास फक्त चुरशीचा नाही. पॉलिशचा आणि वार्निशचा स्पिरिट पिऊन माणसं आंधळी झाली, मेली. त्या मिश्रणाला मुंबईत 'खोपडी' म्हणायचे. मिथेनॉल पोटात गेलं की आधी डोळे जातात. हे जुनं झालं असं समजू नका: २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं याच विषाने गेली. मालन स्वतः भेसळ करत नसेल, पण पुरवठा कमी पडला त्या आठवड्यात ती कुणाकडून माल घेते आणि चव घेऊन बघते का? आणि तिच्या गिऱ्हाइकांपैकी एकाची बायको आम्हाला दिसली पाहिजे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभी असलेली. ती वाईट, मालन चांगली असं करू नका आणि उलटंही करू नका. दारूबंदी मागणाऱ्या बायका मूर्ख नव्हत्या. त्यांच्या घरात काय चाललं होतं ते त्यांना माहीत होतं. बंदीने त्यांचं भलं झालं का, हा वेगळा प्रश्न. नवरा आता सरकारी दुकानाऐवजी मालनकडे जातो आणि जास्त पैसे देतो. ही बायको एकदा मालनच्या दारात येऊ दे. ती भांडायला येते की धंदा मागायला, हे मी सांगणार नाही, पण दुसरा पर्याय मला जास्त खरा वाटतो.

हप्त्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून जरा कमी लिहा. हप्ता ठरलेला असतो, त्यात नाट्य नाही. नाट्य खबरीत आहे. बहुतेक अटका प्रतिस्पर्ध्याच्या टिपेवरून होतात, कारण पोलिसांनाही महिन्याकाठी काही गुन्हे कागदावर दाखवायचे असतात. कुणाला द्यायचं, हे धंद्यातलेच लोक आपापसांत ठरवतात. मालनची पहिली अटक अशी 'वाटून दिलेली' असू शकते. पण पहिली अटक ही फक्त अटक नसते. दुसऱ्या गुन्ह्याला शिक्षा वाढते, पुढे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, मग तडीपारी. भट्टीवाल्या पुरुषाला तडीपार केलं तर तो कल्याणला जाऊन भट्टी लावतो. घर, म्हातारी आई आणि शाळेतला मुलगा असलेली बाई तडीपार झाली तर काय होतं? हे प्रकरण तुमच्या आराखड्यात नाही आणि मला ते कादंबरीचा मध्य वाटतं.

जेनाबाई दारूवालीचं नाव तुम्ही टिपणात लिहिलं आहे. डोंगरीची ती बाई आधी काळ्या बाजारातल्या धान्यात आणि मग दारूत होती, तिच्याभोवती दंतकथा पुष्कळ आहेत. तिचं पात्र करू नका. एकतर ती पुढे ज्या गुन्हेगारी जगात वावरली त्या जगाकडे मालन ओढली जाईल, आणि वाचकाला मालनऐवजी नंतरचे डॉन दिसायला लागतील. दुसरं म्हणजे दंतकथेतली बाई सगळ्यांना धाक दाखवते. तुमची बाई एका आण्याला घाबरते. ती राहू दे.

गोव्याचा जो उपकथानकाचा धागा आहे तो चांगला आहे, पण तारखा तपासा. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहावर गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला गोळीबार झाला आणि त्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वे तुटली. तुमचा मिंगेल १९५६ च्या नाताळात मडगावहून आगगाडीने फेणी घेऊन येऊ शकत नाही. तो १९५३ च्या नाताळात येऊ शकतो आणि सीमेवरच्या कॅसलरॉक स्टेशनात कस्टमवाल्यांसमोर उभा राहू शकतो. १९५५ नंतर त्याला सावंतवाडीकडच्या बांद्याच्या बाजूने रात्री डोंगर उतरावे लागतील, आणि तेव्हा पकडला गेला तर तो दारूवाला ठरेल की हेर, हे पकडणाऱ्याच्या मनावर. दमणचाही विचार करा: तेही तोवर पोर्तुगीज, आणि वसईला जवळ.

संवादांबद्दल एवढंच की तुमची सगळी पात्रं पुण्याची मराठी बोलतात. वसईची भंडारीण, माहीमची कॅथलिक आंटी, कोकणातून आलेला हवालदार आणि गिरणीतला सातारकर यांच्या तोंडी एकच भाषा असूच शकत नाही. बोलीचा पाऊस पाडू नका, प्रत्येकाला दोन-तीन लकबी पुरतात. हवालदार मालनला 'बाई' म्हणेल, ओळख वाढल्यावर 'मावशी', आणि ज्या दिवशी तो 'अगं' म्हणेल त्या दिवशी वाचकाला काहीतरी बिघडल्याचं कळेल.

वाचायचं काय, तर आधी त्या वर्षांची वर्तमानपत्रं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसा, मोठ्या बातम्या सोडा आणि आतल्या पानांवरच्या चार-चार ओळींच्या कोर्टाच्या बातम्या वाचा. न्यायालयांच्या निकालपत्रांत घटनेचं वर्णन असतं, ते कादंबरीकारासाठी आयतं सामान आहे: वेळ, जागा, अंगावरचे कपडे, कोण काय म्हणालं. राज्य अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तिथे अबकारीची जुनी कागदपत्रं निघतात. आणि वसईला जा, पण आठवणी विचारताना 'तुमच्या घरी कुणी दारू काढायचं का' असं विचारू नका. 'माड किती होते आणि कोण चढायचं' असं विचारा, बाकीचं आपोआप येईल.

शेवट तुम्ही गोळीबारात केला आहे. त्याऐवजी १९६४ पर्यंत जाऊन बघा. महाराष्ट्र वेगळा झाल्यावर साठच्या दशकात परवाने सैल होत गेले, आणि १९७३ च्या नियमांनंतर देशी दारूची सरकारमान्य दुकानं आली. १९४९ चा कायदा मात्र नाव बदलून आजही आहे. धंद्यातल्या पुरुषांपैकी ज्यांच्याकडे पैसा साठला होता त्यांनी परवाने मिळवले, बार काढले, प्रतिष्ठित झाले. मालन १९६४ मध्ये पन्नाशीला आलेली. तिच्याकडे पैसा आहे, गिऱ्हाईक आहे, चोख मालाची ख्याती आहे. पण परवान्याच्या अर्जावर पूर्वीच्या शिक्षेचा रकाना आहे, आणि 'वाटून दिलेली' ती पहिली अटक तिथे लिहावी लागते. तिला अटक वाटून देणाऱ्याचा अर्ज मात्र कोरा आहे.

हा मार्ग घेतलात तर आधीची तीन प्रकरणं बहुतेक नव्याने लिहावी लागतील. नीरेचं मडकं, चौकीतला पाऊण तास आणि आईचं पात्र एवढं आधी लिहून पाठवा, मग पुढचं बोलू.